स्वतंत्र विदर्भावर वाद घालावा तरी कसा?

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं महाराष्ट्र सरकारला एक अहवाल दिला. राज्याचा कोणता भाग किती मागं राहिला, हे रुपयांत मोजण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जे जिल्हे सरासरीच्या खाली होते त्यांना तिथवर आणायला किती खर्च येईल ते मांडलं. तो खर्च म्हणजे अनुशेष. बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यातले ३९ टक्के विदर्भाचे, जवळपास २४ टक्के मराठवाड्याचे आणि ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे.

नागपुरात हे आकडे आजही ऐकू येतात. एक जण म्हणतो, सगळ्यात जास्त अनुशेष आमचा, म्हणजे आम्हाला लुटलं. दुसरा म्हणतो, उर्वरित महाराष्ट्राचाही ३७ टक्के आहे, मग अन्याय कसला? दोघांचे आकडे बरोबर आहेत. दोघंही आपापल्या आकड्यावर बसून राहतात आणि तासाभरानं एकमेकांची नियत काढतात.

इथं एक साधा भागाकार करून पाहू. १९८१ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत विदर्भाचा वाटा सुमारे २३ टक्के होता, मराठवाड्याचा १५ ते १६ टक्के, आणि बाकीचे ६० टक्क्यांहून अधिक लोक उर्वरित महाराष्ट्रात होते. म्हणजे माणशी अनुशेष काढला तर विदर्भाचा आकडा उर्वरित महाराष्ट्राच्या पावणेतीन पटीच्या आसपास जातो. पहिल्याचं म्हणणं बळकट झालं. पण त्याच भागाकारात मराठवाडा विदर्भाच्या जवळ येऊन उभा राहतो, आणि ‘अन्याय फक्त विदर्भावर’ हे वाक्य पडतं. शिवाय उर्वरित महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुंबईही मोजलेली आहे, त्यामुळे त्या भागातले मागास जिल्हे सरासरीत झाकले जातात. ही तिन्ही माहिती एकत्र ठेवली की वाद संपत नाही, पण पुढे सरकतो. दोघांनाही आपलं वाक्य थोडं बदलावं लागतं.

राजकारणावर विश्लेषक वृत्तीनं बोलायचं म्हणजे मला एवढंच म्हणायचं आहे: असं बोलायचं की ज्यातून वाक्य बदलण्याची शक्यता शिल्लक राहील. मत सोडायची गरज नाही. आवाजही सपाट करायची गरज नाही. आपल्या बोलण्यातला कोणता भाग तपासता येतो आणि कोणता आपल्या आवडीचा आहे, हे वेगळं करता आलं पाहिजे. स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न मी उदाहरणासाठी मुद्दाम निवडला आहे. तो आपला आहे, जुना आहे, आणि पक्षांच्या रांगेत नीट बसत नाही. भारतीय जनता पक्षानं १९९७ साली भुवनेश्वरला स्वतंत्र विदर्भाच्या बाजूनं ठराव केला. शिवसेनेनं कायम विरोध केला. काँग्रेसमध्ये विदर्भवादीही झाले आणि अखंड महाराष्ट्रवालेही. त्यामुळे पक्षाचं नाव बघून उत्तर ठरवण्याची सोय इथं कमी मिळते. सरावाला असा विषय चांगला.

आता एक नेहमीचा संवाद घ्या. कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, किंवा सकाळी पोह्याच्या ठेल्यावर ऐकू येईल असा.

“वेगळा विदर्भ झाल्याशिवाय शेतकऱ्याचं भलं होत नाही, लिहून घे.”
“झारखंडचं काय झालं, पाह्यलं ना?”
“तू तं असंच बोलशीन. तुले त्या पार्टीचं तिकीट पाहिजे.”

तीन वाक्यांत चार निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. विदर्भाचं आजवर नेमकं काय झालं? ते कशामुळे झालं? वेगळं राज्य झालं तर पुढे काय होईल? आणि हे सगळं कळल्यावर आपल्याला काय हवं? पहिल्याचं उत्तर कागदपत्रांत आणि आकड्यांत असतं. दुसऱ्यासाठी एकाहून अधिक कारणं समोरासमोर ठेवून तोलावी लागतात. तिसरं म्हणजे अंदाज, तो नंतर खरा किंवा खोटा ठरतो. चौथं प्रत्येकाच्या मूल्यांवर असतं, आणि तिथं दोन प्रामाणिक माणसं शेवटपर्यंत वेगळी राहू शकतात. भांडण होतं ते बहुधा एक माणूस पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा ते चौथ्याचं समजून ऐकत असतो म्हणून. ‘अनुशेष खरा आहे’ असं म्हणणारा लगेच फुटीर ठरतो. ‘वेगळं राज्य हा उपाय नाही’ म्हणणाऱ्याला अनुशेषच मान्य नाही असं धरलं जातं.

पहिल्या प्रकारच्या प्रश्नांत आपण नको इतकं भांडतो, कारण ते भांडायचे प्रश्नच नसतात. ‘विधानसभेनं ठराव केल्याशिवाय नवं राज्य होऊच शकत नाही’ असं अनेक जण ठामपणे सांगतात. राज्यघटनेचं तिसरं कलम वाचलं की उत्तर मिळतं. राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक संसदेत येतं, संबंधित विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. तेलंगणाच्या वेळी आंध्र प्रदेश विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं आणि फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं. हे वाचायला दहा मिनिटं लागतात. त्यावर तासभर घालवण्यात अर्थ नाही.

‘नागपूर करार पाळला गेला नाही’ हे वाक्य मात्र जास्त विचार मागतं. विदर्भाला एका मराठी राज्यात सामील करून घेण्यासाठी नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या त्या करारात एक नव्हे, अनेक आश्वासनं होती. खर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नोकऱ्यांमध्ये वाटा, आणि सरकारनं ठरावीक काळ नागपूरला येऊन वर्षातलं विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं भरवणं. ‘पाळला’ किंवा ‘पाळला नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक कलमाचं उत्तर वेगळं येईल. अधिवेशनाचं पाहा. १९६० पासून बहुतेक वर्षी डिसेंबर आला की मंत्रालय नागपुरात उतरतं, मोर्चे निघतात, यशवंत स्टेडियमच्या बाजूला धरणं धरणाऱ्यांचे मंडप पडतात. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं. म्हणजे हे कलम बरंचसं पाळलं गेलं, पूर्ण नाही. तेवढ्यावर थांबून आपण विचारू शकतो की अधिवेशन किती दिवस चालतं, त्यात विदर्भाच्या प्रश्नांवर किती वेळ जातो. नोकऱ्यांच्या वाट्याचं उत्तर याहून अगदी निराळं असू शकतं. घोषणा मोडून तिच्यातून तपासता येतील अशी छोटी विधानं काढणं ही मला या सगळ्या पद्धतीतली सर्वांत उपयोगाची सवय वाटते. जो विरोधात आहे तोही एखाद्या छोट्या विधानाला ‘हो, हे खरं’ म्हणू शकतो. संपूर्ण घोषणेला तो ते कधीच म्हणणार नाही.

कारणांचा प्रश्न सर्वांत अवघड. विदर्भात सिंचन कमी का? सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे मुंबई-पुण्याच्या सत्ताधाऱ्यांचं दुर्लक्ष. या उत्तराला तपासणीतून जाऊ द्या. मारोतराव कन्नमवार विदर्भातले होते. वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्यातले, आणि ते १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईकही तिथलेच. मग ‘सत्तेत आपला माणूस नव्हता म्हणून’ हे कारण पुरेसं कसं? विदर्भवाद्यानं या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. आणि उत्तर देता येतं: मुख्यमंत्री एक असतो, आमदारांचं गणित वेगळं असतं, २८८ पैकी ६२ जागा विदर्भात आहेत, आणि पाणी कुठं जायचं हे बऱ्याचदा सहकारी कारखान्यांच्या जोरावर ठरलं. हे म्हणणं योग्य की अयोग्य ते पुढे तपासता येईल. पण प्रश्न टाळला तर कारण हे कारण न राहता तक्रार होतं.

दुसऱ्या बाजूलाही तेवढंच कडक विचारावं. ‘इथलेच नेते नाकर्ते’ हे उत्तर घेऊन गोसेखुर्दकडे जा. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे हजारो कोटींवर गेला, आणि पुढे या प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. दिरंगाईत निधी रखडणं आहे, भूसंपादन आणि पुनर्वसन आहे, कंत्राटांतल्या गैरव्यवहारांचे आरोप आणि चौकशा आहेत. विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांना १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची मंजुरीही लागते, कारण इथं जंगल जास्त. झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीनही त्यात अडकते. या पाच-सहा कारणांतलं प्रत्येक कारण थोडं थोडं खरं आहे. पैसा नसणं हे कारण मोठं असेल तर वेगळ्या राज्यानं फरक पडेल की नाही, हे त्या राज्याच्या तिजोरीवर ठरेल. वनमंजुरी मोठं कारण असेल तर राज्य बदलून ती सुटत नाही, कारण ती दिल्लीतून मिळते. भ्रष्टाचार मोठा असेल तर सीमा बदलून कंत्राटदार बदलत नाहीत. म्हणून कारणांमधला वाद हा रिकामा वाद नाही. उपाय कोणता हे त्यावरच ठरतं.

‘विदर्भ’ हा शब्द एकसंध वापरणं हीदेखील तपासण्यासारखी गोष्ट आहे. नागपूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न गडचिरोलीच्या कितीतरी पुढे आहे. बुलढाणा-अकोला-अमरावतीकडे कापूस, सोयाबीन, कोरडवाहू जमीन. भंडारा-गोंदियाकडे धान आणि हजारो मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले सिंचनाचे तलाव. ‘विदर्भाचा शेतकरी’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर यापैकी कोण असतो? वऱ्हाडातल्या अनेकांना वेगळ्या राज्यात सगळं नागपूरच खाऊन टाकेल अशी भीती वाटते, आणि नागपुरात बसून आपण ती भीती क्वचितच मोजतो. मुंबईवर आपण जो आरोप करतो, तोच अकोल्याचा माणूस उद्या आपल्यावर करू शकतो.

आता अंदाजांकडे. ‘छोटी राज्यं चांगली चालतात’ आणि ‘छोटी राज्यं फसतात’ ही दोन्ही वाक्यं उदाहरणांवर उभी आहेत, आणि उदाहरण प्रत्येकानं आपल्या सोयीचं उचललेलं असतं. विदर्भवादी तेलंगणा सांगतो, विरोधक झारखंड. नोव्हेंबर २००० मध्ये तीन राज्यं एकाच महिन्यात झाली: १ तारखेला छत्तीसगड, ९ ला उत्तराखंड, १५ ला झारखंड. छत्तीसगडमध्ये रमणसिंह सलग पंधरा वर्षं मुख्यमंत्री राहिले. झारखंडमध्ये त्याच काळात सरकारं पडत राहिली, एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाला, राष्ट्रपती राजवटही आली. दोन्हीकडे खनिजं, दोन्हीकडे जंगल, दोन्हीकडे मोठी आदिवासी लोकसंख्या. एकाच वेळी जन्मलेली दोन राज्यं इतकी वेगळी वागली, याचा अर्थ निव्वळ राज्य होणं हे फार थोडं ठरवतं. विधानसभेतलं बहुमत कसं बनतं आणि प्रशासन कोणाच्या हाती जातं, याला जास्त वजन आहे. तेलंगणाच्या तुलनेत आणखी एक फरक आहे. तेलंगणानं हैदराबाद बरोबर नेलं. विदर्भ वेगळा झाला तर मुंबई मागं राहते. हा फरक सांगितला नाही तर ती तुलना ऐकणाऱ्याची दिशाभूल करते, सांगणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी.

तुलना घेताना म्हणून एक शिस्त पाळावी. आधी ठरवा, कोणती सगळी राज्यं बघायची. मग निकाल बघा. निकाल बघून राज्यं निवडली तर तुलनेतून काहीच शिकायला मिळत नाही. तज्ज्ञांनाही हे जमत नाही. फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकानं जवळपास वीस वर्षं २८४ तज्ज्ञांचे राजकीय अंदाज जमवले. एकच मोठी कल्पना घेऊन जगाकडे पाहणाऱ्यांपेक्षा, अनेक बाजूंनी चाचपडत जाणाऱ्यांचे अंदाज बरे ठरले. ठेल्यावरच्या चर्चेतही एवढं करता येईल: ‘लिहून घे’ म्हणणाऱ्याला खरोखर लिहायला सांगा. तारीख, नेमकं काय होणार, आणि शंभरात किती खात्री. खात्रीचा आकडा विचारला की बऱ्याच जणांचा आवाज आपोआप सौम्य होतो.

याच्याही पुढचं एक साधन आहे, आणि मला ते सगळ्यांत जास्त आवडतं. ‘का’ ऐवजी ‘कसं’ विचारायचं. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना त्यांच्या ठाम राजकीय मतांबद्दल विचारलं. काहींना सांगितलं की तुमच्या मतामागची कारणं द्या. काहींना सांगितलं की ते धोरण प्रत्यक्षात कसं काम करेल ते पायरी-पायरीनं समजावा. दुसऱ्या गटाला आपली समज आपण मानत होतो तेवढी नाही हे जाणवलं, आणि त्या अभ्यासात त्यांची मतंही थोडी मवाळ झाली. नुसती कारणं देणाऱ्यांचं तसं झालं नाही. कारणं द्यायला कोणालाही येतात. यंत्र उघडून दाखवणं कठीण.

विदर्भाबद्दल ‘कसं’ विचारून पाहा. राज्याचं कर्ज कसं वाटायचं? आंध्रच्या वेळी २०१४ च्या पुनर्रचना कायद्यात बरीचशी वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, ५८.३२ ला ४१.६८ अशी झाली. लोकसंख्येवर वाटलं तर विदर्भावर राज्याच्या कर्जाचा सुमारे पाचवा हिस्सा येईल. उत्पन्नात त्याचा वाटा किती, ते शेजारी मांडून बघायला हवं. निवृत्तिवेतनाचा भार कोणावर? ‘आमची वीज मुंबईला जाते’ हे आपण कोराडी आणि चंद्रपूरकडे बोट दाखवून म्हणतो. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, धूर आणि राख तिथल्या लोकांच्या फुप्फुसात जाते, हे सगळं खरं. पण वेगळं राज्य झालं म्हणून त्या विजेचा सगळा पैसा इथं येईल असं नाही. विजेवरचा कर मुख्यतः जिथं ती वापरली जाते तिथल्या राज्याला मिळतो. जीएसटीही २०१७ पासून वस्तू जिथं खपते तिथं जातो. कोळशाची रॉयल्टी मात्र खाणीच्या राज्याची. म्हणजे तिजोरीचं गणित करताना कोळसा आणि वीज एका ओळीत लिहिता येत नाहीत. विरोधकांनाही हाच प्रश्न: वेगळं राज्य नको म्हणता, तर एकत्र राहून अनुशेष कसा भरणार? राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मग आता कोणती यंत्रणा, तिच्या हातात कोणता अधिकार, निधी वळवला गेला तर रोखणार कोण? ‘विकास करू’ हे ‘कसं’चं उत्तर नाही.

मन या सगळ्याला विरोध का करतं, तेही समजून घ्यावं. जेफ्री कोहेन यांनी २००३ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना कल्याणकारी योजनांचे मसुदे दाखवले. मसुदा कोणता आहे यापेक्षा तो कोणत्या पक्षाचा म्हणून सांगितला यावर त्यांचा पाठिंबा ठरला. आणि त्यांना वाटत होतं की आपण मसुद्याचे गुणदोष बघूनच ठरवलं. हे मूर्खपणाचं लक्षण नाही. आपल्या माणसांबरोबर राहणं ही माणसाची जुनी गरज आहे, आणि मत हे त्या सोबतीचा पुरावा म्हणून वापरलं जातं. म्हणून नावं बदलून पाहण्याची सवय लावावी. आमदार पक्ष सोडून गेले की आपल्याकडे आले तर ‘विकासासाठी’ आणि तिकडे गेले तर ‘गद्दारी’. तीच घटना, फक्त पक्षांची नावं अदलाबदल करून स्वतःला वाचून दाखवा. राग तेवढाच राहिला तर तुमचं मत तत्त्वावर आहे. राग गेला तर ते कशावर आहे हे कळलं.

आपल्या परंपरेत यासाठी याहूनही कठोर रीत आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडणारी वितंडा. शास्त्रग्रंथ लिहिणारे आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्या सर्वांत बळकट रूपात, आणि मगच त्याला उत्तर देत. कित्येकदा पूर्वपक्ष इतका नीट मांडलेला असतो की विरोधकालाही तो आपल्याच हातचा वाटावा. आपल्याकडे दुसऱ्याचं म्हणणं सांगायची वेळ आली की आपण त्याचा सर्वांत दुबळा समर्थक शोधतो. अखंड महाराष्ट्रवाल्यानं विदर्भवादाचा पूर्वपक्ष मांडायचा तर त्यात राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेला फजल अली आयोग यायला हवा. त्या आयोगानं १९५५ साली मराठी भाषक आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य सुचवलं होतं आणि ते आपल्या पायावर उभं राहू शकेल असं मानलं होतं. विदर्भवाद्यानं समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा तर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एका भाषेच्या लोकांनी एकत्र राहण्याची खरी ओढ होती, मुंबईच्या भांडवलदारांचा कट नव्हता, हे मान्य करून सुरुवात व्हायला हवी.

बाजू असलेला माणूस हे करू शकत नाही असं कोणी म्हणेल, तर १९५५ सालचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाहावेत. भाषिक राज्यांवरच्या त्यांच्या लेखनात त्यांनी दोन सूत्रं अलग केली: एका राज्यात एकच भाषा असावी हे एक, आणि एका भाषेचं एकच राज्य असावं हे दुसरं. पहिलं त्यांना मान्य होतं, दुसरं नव्हतं. म्हणून ते मराठी भाषकांची चार राज्यं सुचवू शकले, त्यात पूर्वेकडचा विदर्भ वेगळा होता. सगळे ज्या दोन गोष्टी एक समजून भांडत होते, त्यांतली फट त्यांनी दाखवली. दांडेकरही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. त्यांच्या समितीच्या आकड्यांनी विदर्भाच्या हातात सर्वांत मोठा पुरावा दिला.

ग्रुपवर किंवा कट्ट्यावर हे प्रत्यक्षात आणायचं तर ॲडमिननं ‘राजकीय पोस्ट टाकू नका’ असा फतवा काढणं मला पटत नाही. त्यानं राजकारण जात नाही, दुसऱ्या ग्रुपवर जातं, आणि तिथं फक्त एकाच मताची माणसं असतात. त्यापेक्षा एका वेळी एक प्रश्न घ्यावा आणि तो प्रश्नासारखा लिहावा. ‘विदर्भावर अन्याय’ हा प्रश्न नाही. ‘अमरावती विभागातलं सिंचन राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे?’ हा आहे. आकडा टाकणाऱ्यानं वर्ष आणि मोजमाप सांगावं: कोणत्या सरासरीच्या तुलनेत, कोणत्या किमतींना. बोलणाऱ्याच्या जातीवर, पक्षावर, पोटापाण्यावर बोलायचं नाही, हा एक नियम मात्र कडकपणे पाळावा, कारण तो मोडला की बाकी सगळं मोडतं. आणि मत बदललं असं कोणी म्हटलं तर त्याची टर उडवू नये. ‘काल तर काही वेगळंच बोलत होता’ हे एक वाक्य दहा जणांची तोंडं कायमची बंद करतं.

या पद्धतीचा एक गैरवापर मी वारंवार बघतो आणि त्याचा मला त्रास होतो. सुशिक्षित माणूस शांत आवाजात बोलतो आणि समोरच्याला ‘तुम्ही भावनिक होताय’ असं सांगून गप्प करतो. ज्याचं गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलं, ज्याच्या घरात कर्जापायी कोणी गेलं, त्याचा आवाज चढणारच. नागपूरच्या धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीत बसून अलिप्त राहणं सोपं आहे. आवाज चढला म्हणून मुद्दा बाद होत नाही. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यात बहुधा अशी माहिती असते जी कोणत्याही अहवालात नसते: मोबदला कोणत्या साली मिळाला, कालवा गावापर्यंत आला की अलीकडेच थांबला, पाणी सोडलं तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होतं. ती माहिती काढून घेणं हेही विश्लेषणच. त्याचबरोबर, सगळ्याच बाजू सारख्याच चूक असं म्हणून हात झटकणं हेही विश्लेषण नाही. माणशी अनुशेषात पावणेतीन पटीचा फरक असेल तर ‘सगळीकडे थोडंफार असतंच’ हे वाक्य खोटं आहे, कितीही समजूतदार वाटलं तरी.

एवढं करूनही चौथा प्रश्न उरतोच, आणि तो उरायलाच हवा. समजा आकडे मान्य झाले, कारणांवर बऱ्यापैकी एकमत झालं, तिजोरीचं गणितही सुटलं. तरी एक नागपूरकर म्हणेल की निर्णय घेणारी माणसं आठशे किलोमीटर दूर नसावीत, थोडा आर्थिक तोटा झाला तरी चालेल. दुसरी नागपूरकर म्हणेल की मराठीचं राज्य एक असावं, थोडा अन्याय सोसूनही. या दोघांमध्ये कोणाचीच माहिती चुकलेली नाही. त्यांना वेगवेगळ्या गोष्टी प्रिय आहेत. इथं पुरावा मागणं व्यर्थ, तिथं मतदानच करावं लागतं. पण तोपर्यंत दोघांनाही नेमकं माहीत झालेलं असतं की समोरचा कशाच्या बदल्यात काय द्यायला तयार आहे, आणि तेवढ्यावरून देवाणघेवाणीची बोलणी सुरू होऊ शकतात: विकास मंडळांना खरे अधिकार, मंत्रालयाचे काही विभाग कायमचे नागपुरात, अमरावती विभागासाठी राखीव सिंचन निधी. यातलं प्रत्येक पाऊल वेगळ्या राज्याशिवायही उचलता येतं, आणि वेगळं राज्य हवं असणाराही ते नाकारणार नाही.